हेडमास्तरांची कवळी आणि तुझं ते सत्यलेखन

चिरंजीव प्राध्यापकसाहेबांस मावशीचे भरघोस आशीर्वाद. (आशीर्वाद पुरते दिले आहेत. रागाच्या भरात त्यात काटछाट केलेली नाही.) तुला 'साहेब' म्हटलं यावरून काय ते तू ओळखलं असशीलच. लहानपणी मी तुला पूर्ण नावाने हाक मारली की तू पलंगाखाली जायचास. आता तिथे मावणार नाहीस, तेव्हा खुर्चीत बसूनच वाच. तुझी पाठ कशी आहे? पित्त? रिकाम्या पोटी वर्ग घेत जाऊ नकोस. ताईचा गुडघा फोनवर 'बरा आहे' असं ती म्हणते, पण तुझ्याच शास्त्राप्रमाणे हे नुसतं सांगणं झालं, दाखवणं नव्हे. तेव्हा तुझी आई किती पायऱ्या चढते आणि कितव्या पायरीला 'आई गं' म्हणते ते मोजून कळव. यानंतर 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायचं असतं. पण जे नाही ते लिहायचं नाही हा तुझा पहिला नियम. म्हणून लिहीत नाही. इकडे क्षेम नाही. आणि त्याला जबाबदार तू आहेस.

आता पुढचं तुला ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून चालावं हेही तूच शिकवलंस, तेव्हा भोग आपल्या कर्माची फळं. मी गेली एकतीस वर्षं दातांच्या एका डॉक्टरांकडे मागच्या खोलीत कवळ्या बनवते. पुढच्या खोलीत डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं. मी त्याचा प्लास्टरचा साचा काढते, साच्यावर मेण चढवते, मेणात दात बसवते आणि मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक ओतून, घासून, चकचकीत करून कवळी पुढे पाठवते. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार आहे आणि दाराला वहीच्या पानाएवढी काच आहे. एकतीस वर्षांत त्या काचेतून मी अर्ध्या गावाचे जबडे पाहिले असतील. रस्त्यात माणसं नमस्कार करतात तेव्हा मला चेहरा आठवत नाही, पण ती हसली की लगेच कळतं कोण ते.

तर हे डॉक्टर चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले आणि या महिन्याअखेर दवाखाना बंद करताहेत. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदार मंडळींनी त्यांचा निरोपसमारंभ करायचं ठरवलं, त्यानिमित्त स्मरणिका काढायचं ठरवलं, आणि शेजारचे औषधवाले (ते प्रत्येक मंडळाचे चिटणीस असतात, मंडळ नसेल तर ते आधी मंडळ काढतात) माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाई, तुमचा सहवास सर्वांत जास्त, दोन पानं लिहून द्या. मी दिलीही असती! त्याच दुपारी मी दीड पान लिहून काढलं होतं. 'डॉक्टर म्हणजे एक मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष व हसतमुख व्यक्तिमत्त्व' अशी सुरुवात होती. शुद्धलेखन तपासून घ्यावं, घरात प्राध्यापक आहे तर त्याचा उपयोग करावा, एवढ्याच भाबड्या हेतूने मी तुला फोन लावला आणि वाचून दाखवलं. तू हसलास. स्वतःच्या मावशीला हसलास. आणि म्हणालास, "मावशी, हे कुठल्याही डॉक्टरला लागू पडेल." अरे, मग बरंच आहे की! टोपी अशीच शिवावी, कुणाच्याही डोक्यावर बसेल. पण नाही. तू चाळीस मिनिटं बोललास. वर एक कागद पाठवलास, ज्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'सर्जनशील सत्यलेखनाची मूलतत्त्वे'. मला एवढंच सांग, सर्जन म्हणजे नवं निर्माण करायचं आणि सत्य म्हणजे पदरचं काही घालायचं नाही, मग हे दोन शब्द एका दावणीला बांधले कोणी? 'घरातच थांब आणि प्रवासाचं वर्णन कर' म्हणण्यासारखं आहे हे. अशा विषयाला सरकार पगार देतं आणि इथे प्लास्टरच्या पोत्यावर कर बसतो.

असो. (हा 'असो' तुझ्या कागदाप्रमाणे निषिद्ध आहे. असो.) तुझं म्हणणं असं की गुण सांगू नकोस, प्रसंग दाखव, आठवणीवर विसंबू नकोस, जा आणि बघ. म्हणून मी वही घेऊन काचेपाशी उभी राहिले. आणि पहिल्याच दिवशी माझं 'हसतमुख' गेलं. डॉक्टर हसत नाहीत. एकतीस वर्षं मी त्यांना हसतमुख समजत होते, कारण बाहेरच्या पाटीवर हसणारं तोंड रंगवलेलं आहे. प्रत्यक्षात ते माणसाच्या तोंडात बघताना असं कपाळ आक्रसतात की जणू तिथे कुणाची उधारी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी 'मनमिळाऊ' गेलं. तिसऱ्या दिवशी एक आजीबाई खुर्चीत होत्या, त्यांना काचेपलीकडे वही घेतलेली बाई दिसली, आपल्या तोंडाची कोणी चौकशी करतंय असं वाटून त्यांनी झटकन तोंड मिटलं. आत डॉक्टरांचं बोट होतं. आजीबाईंच्या तोंडात तीनच दात शिल्लक होते, पण ते अगदी मोक्याच्या जागी. डॉक्टरांच्या बोटाला पट्टी, आजीबाईंना भोवळ, आणि मला सर्वांदेखत "बाई, तुमचं तिकडे काय चाललंय?" हे सगळं तुझ्या 'जा आणि बघ'पायी.

तरीही मी नेटाने लिहिलं. जे दिसलं ते लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं: 'डॉक्टर प्रत्येक तोंडाचं माप दोनदा घेतात.' हे खरं आहे. दुसरे डॉक्टर एकदा घेतात, आमचे दोनदा. माणूस तोंडात तो गारगार लगदा धरून पाच मिनिटं बसतो, सुटलो म्हणतो, की हे पुन्हा भरतात. पण त्यांची कवळी कधी हलत नाही आणि त्यांचं नाव झालंय ते त्यावरच. मी अभिमानाने ते वाक्य तुला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. तू फक्त म्हणालास, "का?"

त्या एका अक्षराने माझा घात केला. कारण 'का' ते मला माहीत होतं. आणि खरं कारण जगात फक्त मला माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आठवड्यात दोन कवळ्या होत्या. एक इथल्या शाळेच्या हेडमास्तरांची. चणीने लहान, जबडाही लहान, त्यांना बारीक दात लावायचे. दुसरी टपालखात्यातल्या एका साहेबांची. ते सहा फुटी, त्यांना भारदस्त दात. कुणाला कोणते दात लावायचे त्याच्या चिठ्ठ्या मी साच्यांच्या बुडाला चिकटवायची. साचे धुताना चिठ्ठ्या सुटल्या, आणि मी त्या परत लावल्या त्या उलट्या. म्हणजे साचा ज्याचा त्याचा, दात मात्र दुसऱ्याचे. इथपर्यंत चूक म्हणता येईल. पण हेडमास्तरांच्या साच्यावर ते दात बसेनात. एकमेकांना कोपरं मारत होते. तेव्हाच मला शंका आली होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वार्षिक समारंभात हेडमास्तरांचं भाषण होतं, कवळी त्यांना संध्याकाळपर्यंत हवी होती. मी दात कडेने घासले, दाबून बसवले आणि कवळी पुढे पाठवली. समजलं होतं रे. समजून न समजल्यासारखं केलं. (टपालसाहेबांना बारीक दात गेले. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, हे दहा वर्षांनी लहान दिसायला लागले.)

समारंभ शाळेच्या मैदानावर होता. डॉक्टर पहिल्या रांगेत, मी चौथ्या. एका बाजूला पाचवीच्या मुली धावण्याच्या शर्यतीसाठी चुन्याच्या रेघेवर वाकून तयार, भाषण संपायची वाट बघत. हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "सन्माननीय सभापती, सहकारी शिक्षक, सुजाण पालक..." आणि प्रत्येक 'स'ला त्यांच्या तोंडातून शिट्टी वाजली. लहानसहान नाही, खणखणीत. त्यांनी विषयही असा निवडला होता की 'सत्य, सदाचार आणि शिस्त'. 'सत्य'ला पुढची पोरं हसली. 'सदाचारा'ला शिक्षक हसले. 'शिस्त' या शब्दात श आणि स दोन्ही आहेत, तो उच्चारला आणि रेघेवरच्या सगळ्या मुली सुसाट पळत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हेडमास्तरांना बोलावून घेतलं. मी मधल्या दारात उभी होते, हाताला साच्याचं प्लास्टर लागलेलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्या मापात चूक झाली. नवी करून देतो." मी तोंड उघडलं आणि मिटलं. बास, एवढंच. त्या दिवसापासून डॉक्टर माप दोनदा घेतात.

हे मी लिहिणार नव्हते. माझ्याशी ठरलेलं होतं. म्हणून मी तुला नुसतं म्हटलं की एक जुना प्रसंग आहे, पण नीट आठवत नाही, सोडून देऊ. तर तू म्हणालास, साक्षीदार असतील, त्यांना विचार! आता दवाखान्यातच एक साक्षीदार आहे. आमच्याकडे नावं नोंदवून घेणारी मुलगी. दिवसभर ती खिडकीतल्या टेबलामागे असते म्हणून आम्ही तिला 'खिडकी'च म्हणतो. बत्तिशीची आहे (वयाने, दात तीसच). ती त्याच शाळेतली, त्या वेळी पाचवीत. मी सहज विचारलं, अगं, तुला ती शर्यत आठवते का? तिचा चेहरा असा उजळला! म्हणाली, मीच तर पहिली आले. तिच्या टेबलावर पेनं ठेवायला एक पेला आहे, पितळेचा, दोन कानांचा. गेली सात वर्षं मी त्यातून पेन घेते. तो त्या शर्यतीचा चषक. तिला आयुष्यात मिळालेलं एकमेव बक्षीस. आणि मी, सत्याची पुजारीण, तिला सांगायला गेले की बाई गं, ती शिट्टी शर्यतीची नव्हतीच. तिने पेनं काढून टेबलावर ठेवली, चषक उराशी धरला आणि म्हणाली, "शिट्टी कवायतीच्या सरांनी वाजवली. मी पाहिलं. तुम्ही माझं बक्षीस काढून घ्यायला आलात का?" डोळ्यांत पाणी. मग तिने दोन दिवस माझ्या कवळ्यांच्या नोंदी वहीत अशा अक्षरात केल्या की मलाच वाचता येईनात.

तू म्हणालास, एकाच साक्षीवर थांबू नये. मी हेडमास्तरांकडे गेले. एकोणऐंशीचे आहेत, मुलाकडे राहतात, दुसरा मजला, लिफ्ट बंद. (माझाही गुडघा आहे, हे कुणाच्या लक्षात नाही.) मी मनात क्षमेचे शब्द जुळवत जिना चढले. काय झालं असेल असं तुला वाटतं? हेडमास्तर म्हणाले, ते भाषण म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण! सगळं मैदान त्यांच्या मुठीत होतं. 'शिस्त' हा शब्द त्यांनी अशा काही तळमळीने उच्चारला की मुली प्रेरित होऊन धावत सुटल्या. शिट्टी? कसली शिट्टी? आणि वर म्हणाले, "पण तुमच्या डॉक्टरांनी घोळ केला. एवढी उत्तम कवळी, ती उगीच काढून घेतली आणि दुसरी दिली. या दुसरीत दम नाही. त्यानंतर मी जाहीर भाषण केलं नाही." म्हणजे ज्या चुकीचं ओझं मी बावीस वर्षं वाहिलं तिच्यावर हा गृहस्थ खूश, आणि डॉक्टरांनी ती निस्तरली म्हणून नाराज! मी दोन मजले उतरून आले आणि रस्त्यावरूनच तुला फोन केला. विचारलं, खिडकी, हेडमास्तर आणि डॉक्टर, तीन माणसांची तीन सत्यं आहेत, यातलं कोणतं घेऊ? तू किती शांतपणे म्हणालास! "तिन्ही घे. आणि चौथं तुझं. मावशी, इतरांना दाखवतेस तर स्वतःलाही सोडू नकोस."

बोलायला काय जातं? तुझ्या हाताला प्लास्टर कुठे होतं?

पण लिहिलं. चौदा पानं झाली. चिठ्ठ्या, कोपरं मारणारे दात, मी घासले, मी दाबले, मी गप्प बसले, सगळं. आणि तुझ्या कागदाच्या तळाशी आणखी एक कलम होतं की जिवंत माणसाविषयी लिहिलंत तर छापण्याआधी त्याला वाचून दाखवा. हे कलम ज्याने काढलं त्याच्या पोटात एकदा कळ यावी अशी माझी प्रार्थना आहे. शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, दोन पानं वाचून दाखवायची आहेत. ते पेशंटच्या खुर्चीत आडवे झाले. हल्ली दमले की तिथेच पडतात. मी दिव्याखाली उभी राहून वाचायला लागले. आजीबाईंच्या चाव्यापाशी ते घशातल्या घशात काहीतरी म्हणाले, ते बहुधा हसू असावं. शर्यतीपाशी त्यांनी डोळे मिटले. चिठ्ठ्यांचा परिच्छेद आला. कागदावरून नजर न काढता तोही वाचला. वाचून झालं.

"पुन्हा वाचा," डॉक्टर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं."

मी म्हटलं, हो.

मग ते रागावले. तुझ्या डोळ्यांसमोर काय चित्र असेल ते मला माहीत आहे. वृद्ध डॉक्टर मंद हसतील, माझ्या डोक्यावर हात ठेवतील, म्हणतील, मला कधीच माहीत होतं. तसं काही झालं नाही. त्यांना माहीत नव्हतं, आणि ते असे संतापले की त्यांना ताडकन उठायचं होतं, पण ती खुर्ची बटणावर चालते आणि फार सावकाश वर येते. घर्र घर्र करत ती वर येईपर्यंत आम्हा दोघांना एकमेकांकडे बघत थांबावं लागलं. माझ्या आयुष्यात दुसरा कुठला वेळ एवढा लांबला नसेल. पाय जमिनीला लागल्यावर ते म्हणाले, "बावीस वर्षं मी या हाताकडे संशयाने बघतोय, बाई." आणि गेले. चष्मा विसरून गेले. चष्म्यासाठी परत आले, माझ्याकडे न बघता तो घेतला आणि पुन्हा गेले.

त्यानंतर अकरा दिवस अबोला. मध्ये एक दार, दाराला काच, आणि निरोप मात्र खिडकीकरवी चिठ्ठीवर. त्यांची चिठ्ठी यायची, 'खालचा जबडा. मध्यम. उद्या.' माझी जायची, 'बरं.' खिडकी (तीही माझ्याशी बोलत नव्हती) चिठ्ठी दोन बोटांत मेलेलं झुरळ धरावं तशी आणून ठेवायची. एकतीस वर्षांत माझ्या मागच्या खोलीत एवढी शांतता कधी नव्हती. मी भांडं आपटलं तरी कोणी 'काय झालं' विचारेना. आणि पलीकडे प्रत्येक पेशंटला माप दोनदा. मला वाटायचं, आता तरी एकदा घ्या ना! पण ते सवयीने दोनदा घेत होते, किंवा मला ऐकू जावं म्हणून घेत होते. सांगता येत नाही. (तुझ्या शास्त्रात याला 'दुसऱ्याच्या मनात शिरू नये' असं म्हणतात ना? नाही शिरले. बाहेरच उभी राहून रडले.)

बाराव्या दिवशी दुपारी ते स्वतः माझ्या दारात आले. हातात एक पिवळं पडलेलं कार्ड. हेडमास्तरांचं, बावीस वर्षांपूर्वीचं. इतके दिवस दवाखाना आवरायच्या निमित्ताने ते जुन्या पेट्या उपसत होते ते यासाठी. कार्ड त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मेणाची चाचणी घेतली नाही. घाई.' आता हे तुला समजायला हवं. दात आधी मेणात बसवले की कवळी पक्की करण्यापूर्वी ती एकदा माणसाच्या तोंडात लावून बघायची असते. बोलून घ्यायचं, सगळे स-श म्हणवून घ्यायचे. ते डॉक्टरांचं काम. ती चाचणी झाली असती तर माझी चूक तिथेच पकडली गेली असती. मला हे अर्थातच माहीत होतं. लेखात घातलं नव्हतं, डॉक्टरांवर ढकलल्यासारखं होईल म्हणून.

"हे का नाही लिहिलंत?" ते म्हणाले.

"चूक माझी होती."

"अर्धी. उरलेली माझी आहे, ती मला परत द्या."

"मी दात घासून बसवले, डॉक्टर. मला कळत होतं."

"आणि मला चाचणी घ्यायची होती. मलाही कळत होतं. सत्य लिहायचं तर आखडता हात कशाला?"

अर्धा तास भांडलो. तुला खोटं वाटेल, पण दोन म्हातारी माणसं कुणाची चूक मोठी यावर हमरीतुमरीवर आली होती आणि दोघंही स्वतःचीच मोठी म्हणत होती. शेवटी खिडकीने दार उघडून सांगितलं की बाहेर पेशंट बसलाय आणि सगळं ऐकतोय. डॉक्टर गेले. मी ओट्यापाशीच उभी राहिले. भांड्यात लगदा कालवल्याचा आवाज आला, मग पाच मिनिटं काही नाही, मग माप बाहेर काढल्याचा तो 'पच्' आवाज. मी दुसऱ्यांदा कालवल्याच्या आवाजाची वाट बघत राहिले. आला नाही. डॉक्टर त्या माणसाला म्हणाले, "झालं. उठा."

एकदाच.

मी नळ सोडला आणि बराच वेळ स्वच्छ हात धूत बसले. याबद्दलही मी तुला क्षमा केलेली नाही. असले प्रसंग माणसाला साठीनंतर झेपत नाहीत, हे तुझ्या कागदावर कुठे लिहिलंय?

आता शेवट ऐक. लेख दुरुस्त केला, डॉक्टरांची अर्धी चूक त्यांना परत दिली, सतरा पानं झाली, ती औषधवाल्यांकडे नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ते चेहरा पाडून आले. म्हणाले, बाई, यात डॉक्टरांची चूक आहे, तुमची चूक आहे, हेडमास्तरांची शिट्टी आहे, आजीबाईंचा चावा आहे, यात गौरव कुठे आहे? शिवाय दोन पानं सांगितली होती. स्मरणिकेत बसणार नाही. आणि त्यांनी माझ्या नावावर छापायला एक मजकूर स्वतःच लिहून आणला होता. 'डॉक्टर म्हणजे एक मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष व हसतमुख व्यक्तिमत्त्व.' शब्दन् शब्द तोच! म्हणजे तीन आठवडे, एक बोट, एक चषक, दोन जिने आणि अकरा दिवसांचा अबोला एवढं सगळं करून मी जिथून निघाले होते तिथेच औषधवाले फुकटात उभे होते. तुझी मूलतत्त्वं तुला लखलाभ. मी पुन्हा लेखणीला हात लावणार नाही. विद्यार्थ्यांना माझा निरोप सांग की घरी जा आणि आईवडिलांना विचारून दुसरा विषय घ्या.

ताईला नमस्कार. तिच्या पायऱ्या मोजायला विसरू नकोस. जेवणानंतर लगेच आडवा होऊ नकोस.

(अजून तरी) तुझीच,
मावशी

ता. क. – वर 'पुन्हा लेखणीला हात लावणार नाही' असं लिहिलंय ते खरं नाही. वही संपली होती म्हणून तसं वाटलं. काल नवी आणली, दोनशे पानी. ताईला म्हणावं, घाबरू नकोस, तुझा नंबर नंतर आहे.

ता. क. २ – मुख्य गोष्ट राहिलीच. डॉक्टरांनी औषधवाल्यांना बजावलंय की स्मरणिकेत काय हवं ते छापा, पण बाईंचा लेख व्यासपीठावरून वाचला गेला नाही तर मी समारंभाला येणार नाही. समारंभ येत्या रविवारी, सकाळी दहाला, शाळेच्या सभागृहात. अध्यक्ष हेडमास्तर आहेत आणि ते बोलणारही आहेत. खिडकी अजून फुगलेली आहे, तरी पुढच्या रांगेत बसणार म्हणते. एवढ्या सगळ्यांसमोर माझ्याच्याने ते वाचवणार नाही. तुला वाचायची सवय आहे, आवाजही बरा आहे. शनिवारच्या गाडीने निघ. काम आहे म्हणू नकोस, रविवारी प्राध्यापकांना काम नसतं. याचसाठी पत्र लिहायला बसले होते, मध्येच राग आला.

ता. क. ३ – साडेसोळा पानं तू वाच. चिठ्ठ्यांचा परिच्छेद आला की थांब. तो मी वाचीन. तू फक्त माइक माझ्या उंचीला आणून दे आणि बाजूला हो.